रिकाम्या डब्यांची हलकी चूल : भटकंतीसाठी घरी केलेला प्रयोग

कुरणवाट (धुळे)

नमस्कार.

धुळ्यातील आम्ही सात-आठ जण महिना-दीड महिन्यातून एकदा भटकंतीला निघतो. कधी लळिंगचा किल्ला, कधी चाळीसगावजवळचे पाटणादेवी, आणि वर्षातून एकदा तोरणमाळ. मुक्काम बहुधा ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर किंवा देवळाच्या आवारात, रीतसर विचारून असतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्वयंपाकासाठी आम्ही पाच किलोंचे छोटे गॅस सिलिंडर नेत असू. भरलेल्या सिलिंडरचे वजन बारा किलोंच्या घरात जाते, आणि गाडी जिथे थांबते तिथून पुढे ते कोणी उचलायचे हा प्रश्न दर वेळी उभा राहत असे. तीन दगडांची चूल मांडावी तर जळण भरमसाट लागते, वारा सुटला की अर्धी धग शेजारच्या बांधावर जाते आणि सकाळी निघताना जमिनीवर जळका डाग मागे राहतो, जो मला स्वतःला फार खटकतो. या सगळ्यातून घरातील रिकाम्या डब्यांची चूल करून पाहण्याचा विचार आला. आजवर तीन केल्या. पहिल्या दोन फसल्या, तिसरी दीड वर्षापासून वापरात आहे, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली शीतपेयाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनची, स्पिरिटवर चालणारी शेगडी होती. ती का सोडली हे पुढे येईलच. दुसरी म्हणजे एका पत्र्याच्या डब्याला खिळ्याने चहूबाजूंनी पाडलेली भोके. तिच्यात काड्या पेटत, परंतु धूर इतका होई की पातेल्याजवळ बसवत नसे. त्या धुराचे कारण समजले तेव्हाच तिसरी चूल जमली.

लाकूड तापले की आधी त्यातून वाफ आणि पेट घेणारे वायू बाहेर पडतात आणि मागे कोळसा उरतो. आपण ज्याला धूर म्हणतो त्यातील बराचसा भाग म्हणजे न जळता निसटलेले हे वायूच होत. एकेरी डब्यात खालून हवा मिळते, पण ज्वाळेच्या वरच्या भागात, जिथे हे वायू जमतात, तिथे गरम हवा पोहोचत नाही. बाजूच्या भोकांतून थंड वारा आत शिरतो आणि ज्वाळा विझू-विझू होते. यावर उपाय म्हणजे डब्यात डबा. दोन्ही डब्यांच्या मधल्या पोकळीतून वर चढणारी हवा आतल्या डब्याच्या तापलेल्या भिंतीला लागून गरम होते, आतल्या डब्याच्या काठाजवळच्या भोकांतून आत येते आणि निसटू पाहणारे वायू पातेल्याखालीच पेटवते. चूल नीट पेटली की त्या प्रत्येक भोकातून ज्वाळेची एकेक जीभ मध्याकडे येताना दिसते. ती दिसली की आपले माप बरोबर आले असे समजावे.

आता करणी सांगतो. बाहेरचा डबा दूध पावडरचा, सुमारे १३ सेंमी व्यासाचा आणि १७ सेंमी उंच. आतला साधारण १० सेंमी व्यासाचा आणि १३ सेंमी उंच. बाहेरचा डबा पालथा धरावा, म्हणजे त्याचे बंद बूड वर येते. त्या बुडावर आतला डबा ठेवून पेन्सिलीने वर्तुळ आखावे आणि त्या रेघेच्या किंचित आतून कापावे. आतला डबा तिथून वरून खाली सोडला की त्याचा काठ अडकून राहतो आणि दोन्हींमध्ये चहूकडून दीड सेंमी पोकळी राहते. आतल्या डब्याच्या बुडाला मोठ्या खिळ्याने २५-३० भोके पाडावीत. ही झाली जाळी. त्याच्याच काठाखाली दोन सेंमीवर, सारख्या अंतराने, ६ मिमीची १६ भोके पाडावीत. बाहेरच्या डब्याला जमिनीलगतच्या कडेने १० मिमीची दहा भोके पाडावीत. आतल्या डब्याचे बूड जमिनीपासून तीन-चार सेंमी वर राहिलेच पाहिजे, नाही तर जाळीखाली राख साचून हवा कोंडते. पातेले थेट काठावर ठेवले तर चूल गुदमरते, म्हणून तिसऱ्या एका आखूड डब्याचे पाच सेंमी उंचीचे कडे वर ठेवतो. त्याच्या एका बाजूला काड्या सरकवण्यापुरती खिडकी कापली आहे. या साऱ्याचे वजन आमच्या किराणावाल्याच्या काट्यावर ३४० ग्रॅम भरले.

डब्याच्या आतील अंगाला लाखेसारखा लेप असतो. म्हणून पहिल्यांदा नुसती चूल उघड्यावर अर्धा-पाऊण तास सडकून पेटवावी, त्या धुरापासून दूर उभे राहावे आणि नंतरच तिच्यावर अन्न शिजवावे.

पेटवण्याची रीतही वेगळी आहे. बोटाएवढ्या जाडीच्या काड्यांचे तुकडे आतल्या डब्यात वरच्या भोकांच्या किंचित खालपर्यंत उभे भरावेत आणि आग वरून लावावी. आग हळूहळू खाली उतरते, आणि खालच्या काड्यांतून निघालेले वायू वरच्या ज्वाळेतून गेल्याशिवाय बाहेर पडू शकत नाहीत. घरच्या चुलीला खालून पेटवण्याची सवय असलेल्यांना हे उलटे वाटेल, परंतु धुरातील फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

जळण म्हणून आमच्याकडे पऱ्हाटीइतके, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांइतके, सोयीचे काही नाही. शेताच्या बांधावर ढीग असतात, मालक आनंदाने दोन मुठी देतो, आणि वाळलेली पऱ्हाटी हाताने कडकन मोडते, कुऱ्हाड लागत नाही. एक लिटर पाणी उकळायला मला ८० ते १०० ग्रॅम पऱ्हाटी लागते. आपापले अनुभव आणि चुका अवश्य लिहाव्यात.

इंजिनशेड (भुसावळ)

दादा, लेख मनापासून आवडला, पण स्पिरिटच्या शेगडीला आपण फार लवकर निरोप दिलात असे वाटते. मी चार वर्षांपासून कॅनचीच शेगडी वापरतो आणि तिचे वजन १५ ग्रॅमही नाही.

हिशेब असा आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. स्पिरिटमधील एथिल अल्कोहोलच्या एका मिलिलिटरमधून सुमारे २१ किलोज्यूल मिळतात. अर्धी उष्णता इकडेतिकडे वाया गेली असे धरले तरी ३० मिलिलिटरमध्ये काम व्हायला हवे, आणि प्रत्यक्षात वाऱ्याला आडोसा नीट असेल तर मला ३५ ते ४० मिलिलिटर पुरते. दोन दिवसांत सहा लिटर पाणी उकळले तरी पाव लिटरच्या आत भागते. शेगडी आणि इंधन मिळून अडीचशे ग्रॅमही होत नाही, पातेल्याला काजळी नाही आणि पावसाळ्यात ओल्या काड्या शोधत फिरणे नाही.

करणीही सोपी आहे. दोन कॅनची बुडे साडेतीन सेंमी उंचीवर कापून एकात एक बसवायची. मध्ये त्याच कॅनच्या पत्र्याच्या पट्टीचा गोल उभा करायचा, आणि पट्टीच्या खालच्या कडेला तीन खाचा ठेवायच्या, म्हणजे मधल्या वाटीतील स्पिरिट बाहेरच्या पोकळीत जाते. वरच्या कडेला टाचणीने १६ बारीक छिद्रे पाडायची. अल्कोहोल ७८ अंशांवर उकळते, त्यामुळे मधली वाटी पेटवली की मिनिटाभरात बाहेरच्या पोकळीत वाफ तयार होते आणि छिद्रांतून निळ्या ज्वाळा उभ्या राहतात. कॅनचा पत्रा एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे तो साध्या कातरीनेही कापता येतो. स्वीडनमध्ये पितळेच्या अशाच शेगड्या १९५१ पासून भटक्यांच्या पाठीवर आहेत, तेव्हा ही कल्पना काही कच्ची नाही.

कुरणवाट (धुळे)

आपला हिशेब अचूक आहे, आणि वजनाच्या कसोटीवर स्पिरिटच जिंकते हे मी मान्य करतो. मी ती सोडली ती एका दुपारी लळिंगच्या कुरणाच्या कडेला घडलेल्या प्रसंगामुळे. फेब्रुवारीचे दिवस होते आणि गवत पूर्ण वाळलेले होते. शेगडी विझली असे समजून मी बाटलीतून स्पिरिट ओतायला गेलो. ती विझलेली नव्हती, भर उन्हात ज्वाळा मला दिसली नव्हती. धारेने पेट घेतला, हातातील बाटली माझ्याकडून उडाली आणि वीतभर गवत पेटले. सोबत्याने ओले पोते टाकले म्हणून ते तिथेच थांबले. माझ्या मनगटावर अजून डाग आहे, पण त्याहीपेक्षा ते कुरण पेटले असते तर काय झाले असते, हा विचार मला पुष्कळ दिवस सोडत नव्हता.

प्रयोगवही (अमळनेर)

मी ३१ वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले, म्हणून स्पिरिटविषयी चार गोष्टी स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य समजतो.

पहिली, बाजारात ‘स्पिरिट’ या एकाच नावाखाली अनेक वेगळे द्रव विकले जातात. पॉलिशच्या कामाचे स्पिरिट आणि काही थिनर यांत मिथेनॉल असू शकते. मिथेनॉल पोटात गेले तर शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. ते कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात शिरते. बाटलीवर घटक छापलेले नसतील, तर ते द्रव स्वयंपाकाच्या आसपास आणूच नये, आणि पाण्याच्या बाटलीत कोणतेही स्पिरिट कधीही भरू नये. अंधारात तहान लागलेला माणूस लेबल वाचत बसत नाही.

दुसरी, एथिल अल्कोहोल पिण्यास अयोग्य करून विकले जाते तेव्हाही ते महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कक्षेत येते, आणि त्याची खरेदी-विक्री व साठा यांवर नियम आहेत. जिथे परवानाधारक विक्रेता आहे तिथूनच आणि नियमात बसेल तेवढेच घ्यावे.

तिसरी, करोनाच्या काळातील उरलेला सॅनिटायझर वापरावा का, असे मला अनेकांनी विचारले आहे. त्यात पाणी आणि ग्लिसरिन असते, त्यामुळे तो आळसट जळतो. आयसोप्रोपिल या दुसऱ्या प्रकारच्या अल्कोहोलचा असेल तर ज्वाळा पिवळी होऊन काजळी धरते. जेलचा प्रकार पातेल्याखालून सांडला तर जळता चिकटतो. माझे मत नाही असेच आहे.

चौथी, ‘कुरणवाट’ यांनी सांगितलेली न दिसणारी ज्वाळा. शेगडीवर दोन हात सावली धरून पाहिल्याशिवाय, आणि ती हाताला गार लागल्याशिवाय, पुन्हा इंधन घालू नये. एक समाधान आहे की अल्कोहोल पाण्यात मिसळते, त्यामुळे रॉकेलप्रमाणे ते पाण्यावर तरंगत पसरत नाही. भरपूर पाण्याने किंवा वाळूने ते विझते.

आता डब्यातील डब्याविषयी. केंद्र सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. त्या चुलींत आणि आपल्या या डब्यात तत्त्व एकच आहे, ते म्हणजे धग कोंडून ठेवणे आणि हवा योग्य जागी सोडणे. विद्यार्थ्यांकडून हा डबा करून घ्यावा अशी माझी फार इच्छा आहे. ज्वलनाचा धडा फळ्यावर शिकवण्यापेक्षा त्या सोळा भोकांतून आत येणाऱ्या ज्वाळा दाखवल्या तर तो मुलांच्या आयुष्यभर लक्षात राहील.

पत्रेकाम (एरंडोल)

आमच्या घरात तीन पिढ्या पत्र्याचे काम आहे. कोठ्या, बादल्या, नरसाळी, पन्हाळी हे सारे मी लहानपणापासून हाताखाली पाहिले. काही सूचना करतो.

जस्त चढवलेला पत्रा, म्हणजे बादलीचा किंवा पन्हाळीचा, चुलीला कधीही वापरू नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि आच वाढली की त्याचा पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. आमच्या वडिलांना डाग देताना, म्हणजे पत्र्याचे सांधे जोडताना, हा त्रास झालेला मी पाहिला आहे. रंगाचे, कीटकनाशकाचे आणि इंजिन ऑइलचे डबे कितीही मजबूत दिसले तरी नकोत. दाबाचे फवारणीचे डबे रिकामे वाटले तरी त्यांना भोक पाडू नका. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते, म्हणून कोळशाच्या निखाऱ्यांना तो पत्रा टिकणार नाही. लाकडाच्या चुलीला लोखंडी पत्र्याचा खाण्याच्या वस्तूंचा डबाच हवा. भंगारवाल्याकडे दूध पावडरचे, रसगुल्ल्यांचे आणि तुपाचे डबे हवे त्या मापाचे मिळतात. घेताना सांधा पाहून घ्यावा आणि गंजलेला सोडून द्यावा.

भोक पाडताना डबा चेपतो ही नवशिक्याची तक्रार असते. डब्यात बसेल असा लाकडाचा ओंडका आत घाला किंवा ओली वाळू ठासून भरा आणि मग खिळा मारा. आधी बारीक खिळ्याने खूण, मग मोठ्या खिळ्याने भोक. आत वळलेल्या कडा गोल कानशीने साफ करा, कारण त्या कडांवर राख आणि काजळी अडकून भोक बुजते. वर्तुळ कापताना मध्यभागी भोक पाडून तिथून पाकळ्यांसारखे काप घ्या. त्या पाकळ्या कापून टाकण्यापेक्षा आत दुमडा. त्यांच्या स्प्रिंगसारख्या दाबाने आतला डबा घट्ट बसतो आणि बोटेही कापत नाहीत. हातात कातडी मोजे असावेत. डब्याच्या पत्र्याची जखम दिसायला बारीक आणि खोल असते.

केळीचा खांब (रावेर)

दादा, मी शेतकरी घरातील आहे, म्हणून जळणावर लिहिते.

पऱ्हाटी उत्तम जळते यात शंका नाही. जळगावचे भरीत ज्यांनी शेतात खाल्ले आहे त्यांना माहीत आहे की वांगी पऱ्हाट्यांवर किंवा तुराट्यांवर भाजली तरच ती चव येते. परंतु एक विनंती आहे. गुलाबी बोंडअळीचे कोष वाळलेल्या बोंडांत आणि नख्यांत, म्हणजे बोंडांच्या वाळक्या टरफलांत, दडून राहतात, आणि बांधावर रचलेले पऱ्हाटीचे ढीग हेच पुढच्या हंगामाच्या किडीचे घर होते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून काढलेले पीक, घेऊ नये आणि पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर काढावी असे कृषी विभाग दर वर्षी सांगतो, ते याचसाठी. तेव्हा एका गावची पऱ्हाटी पिशवीत भरून दुसऱ्या गावच्या शेतात नेऊ नका. नेलीच तर बोंडे आणि नख्या तोडून तिथल्या तिथे जाळा आणि नुसत्या स्वच्छ काड्या घ्या.

मक्याची बुरकुंडे वापरून पाहिली का? दाणे काढलेली बुरकुंडे या डब्यात फार सुरेख जळतात. ती आतून सच्छिद्र असल्यामुळे लवकर पेटतात आणि निखारा बराच वेळ धरतात. मात्र दोन-तीन तुकडे करूनच घाला, कारण अखंड बुरकुंड उभे राहिले की हवा अडते. तुरीच्या काड्या पेटवणाला आणि बुरकुंडे शिजवणाला, अशी माझी विभागणी आहे. केळीचे वाळलेले पान नको. क्षणभर भडकते आणि राखेने जाळी भरून टाकते.

दुसरे असे की, जळण वाचवण्याचा सर्वात मोठा उपाय चुलीत नाही, तो गोधडीत आहे. खिचडीला उकळी आली, पाच-सहा मिनिटे रटरटली, की झाकण घट्ट लावून पातेले उतरवा आणि वर्तमानपत्रात व मग गोधडीत गुंडाळून ठेवा. पाऊण तासाने उघडाल तेव्हा डाळ-तांदूळ मऊ झालेले असतात आणि पातेल्याला हात लावता येत नाही इतके ते गरम असते. कापसाच्या मुलखात राहून कापसाची ऊब स्वयंपाकाला वापरत नाही याचे मला नवल वाटते. माझी आजी शेतावर जाताना वरणाचे पातेले असेच गुंडाळून ठेवत असे, आणि मजुरांची जेवणाची वेळ होईपर्यंत ते वाफाळते असे. फक्त ते तासन्‌तास कोमट अवस्थेत ठेवू नये. गरम असतानाच वाढावे.

कुरणवाट (धुळे)

ताई, बोंडअळीची बाब माझ्या ध्यानातच आली नव्हती. आम्ही चाळीसगावकडे जाताना धुळ्याहून पऱ्हाटीचे बोचके घेऊन गेलो होतो, ते यापुढे होणार नाही. गोधडीचा उपाय तोरणमाळला विशेष उपयोगी पडेल असे वाटते. ते सुमारे १,१५० मीटर उंचीवर असल्याने तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते, आणि मागच्या खेपेला तुरीची डाळ शिजता शिजत नव्हती.

प्रयोगवही (अमळनेर)

तिथे तुरीऐवजी मसूर किंवा मुगाची डाळ न्यावी, आणि ती निघण्यापूर्वी दोन तास भिजवावी. भिजलेल्या डाळीला चार अंशांची उणीव फारशी जाणवत नाही.

सागपान (नंदुरबार)

धाग्यावरील माहिती उपयुक्त आहे, पण एक गोष्ट अजून कोणी ठळकपणे लिहिली नाही, ती मी लिहितो. ही चूल कुठे पेटवायची नाही?

राखीव वनात ठरवून दिलेल्या काळाखेरीज आग पेटवणे, ठेवणे किंवा नेणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे. अभयारण्यात धोका होईल अशी आग लावणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३० ने निषिद्ध आहे. पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, रावेर-यावलच्या बाजूला यावल अभयारण्य आहे. चूल ३४० ग्रॅमची आहे की तीन दगडांची, याने कायद्याला काही फरक पडत नाही, आणि जंगलालाही पडत नाही. होळीच्या सुमारास सातपुड्यात सागाची आणि पळसाची पाने घोट्याएवढी साचलेली असतात, त्यावर पडलेली एक ठिणगी दोन दिवसांत डोंगर उतरते. आमच्या पाड्यातील माणसे फांद्या हातात घेऊन रात्र-रात्र आग झोडपत राहतात, हे मी अनेकदा त्यांच्यासोबत उभे राहून अनुभवले आहे. मोहाची फुले वेचण्याचे दिवसही तेच असतात. जंगल जळले की त्या घरांचे वर्षाचे चार पैसे जळतात. म्हणून वनहद्दीत शिरण्यापूर्वीच्या गावात शिजवावे आणि आत दशमी, चटणी, शेंगदाणे न्यावेत.

गावातही चूल नुसत्या जमिनीवर ठेवू नये. आपल्या जाळीतून निखारे खाली गळतात. त्याखाली कडेला उंच काठ असलेली परात किंवा मोठ्या डब्याचे झाकण हवे, आणि झाकणाखाली तीन सपाट दगड. भोवतालची दोन हात जागा झाडून घ्यावी आणि तांब्याभर पाणी हाताशी ठेवावे. निघताना राखेवर पाणी ओतून काडीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि तळहात टेकवता येईपर्यंत तिथून हलू नये.

कुरणवाट (धुळे)

सागपान भाऊ, आपण जे लिहिले ते माझ्या मूळ लेखात सर्वात आधी यायला हवे होते. आमचा गट वनहद्दीत चूल लावत नाही, पण ते लिहिणे राहून गेले ही माझी चूक. परातीचा उपाय पुढच्या मुक्कामापासून सुरू करतो.

नवी पायवाट (शिरपूर)

मी अजून एकदाही मुक्कामी गेलो नाही, येत्या डिसेंबरात जाणार आहे. थंडी फार असते असे ऐकतो. स्वयंपाक झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांसह हीच चूल तंबूत घेतली तर ऊब मिळेल का?

कुरणवाट (धुळे)

नाही, आणि हे मी अतिशय कळकळीने सांगतो आहे. तीन वर्षांपूर्वी, ही चूल करण्याच्याही आधी, आम्ही एका गावात मातीच्या बंद खोलीत झोपलो होतो आणि थंडी आठ-नऊ अंशांवर आल्यामुळे निखाऱ्यांची घमेली आत घेतली होती. धूर मुळीच नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पहाटे दोघांना डोके फुटेल असे दुखू लागले आणि मळमळून आले. तिसरा हाक मारूनही लवकर उठेना. दार उघडून त्यांना बाहेर आणले, बाकीचेही उठून बाहेर आले, आणि तास-दीड तासाने सर्वांना बरे वाटले. कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. धूर नसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, उलट निखारा धूर सोडत नाही म्हणूनच माणूस फसतो. स्पिरिटची शेगडीही तंबूत नको. ऊब हवी असेल तर गरम पाणी बाटलीत भरून, कापडात गुंडाळून अंथरुणात घ्यावे.

इंजिनशेड (भुसावळ)

हे वाचून मी गेल्या पावसाळ्यात तंबूच्या दारात शेगडी लावली होती ते आठवले. यापुढे नाही.

बांधावरचा (पारोळा)

मागच्या रविवारी सगळी मापे पाहून चूल केली. माझ्याकडे बाहेरचा डबा १३ सेंमीचाच होता, पण आतला ११ सेंमीचा मिळाला. पत्रेकाम दादांनी सांगितल्याप्रमाणे वाळू भरून भोके पाडली, एकही चेप आला नाही. परंतु चूल पेटते, पाच-सात मिनिटे छान चालते, आणि नंतर पांढरा दाट धूर सुरू होतो. वरच्या भोकांतून ज्वाळा आत येत नाहीत. दोनदा करून पाहिले, तेच. काय चुकले असावे?

कुरणवाट (धुळे)

तीन प्रश्न. काड्या किती उंच भरल्या? पातेले आणि चुलीचा काठ यांत किती अंतर ठेवले? आणि जळण कधी तोडलेले आहे?

बांधावरचा (पारोळा)

काड्या काठोकाठ भरल्या होत्या. अंतर दोन बोटे, म्हणजे तीनएक सेंमी असेल. जळण बाभळीचे, महिन्याभरापूर्वी तोडलेले.

कुरणवाट (धुळे)

मग तिन्ही कारणे एकत्र आली आहेत. काठोकाठ भरल्यामुळे वरची भोके काड्यांनी झाकली गेली आणि गरम हवा ज्वाळेत जाण्याऐवजी लाकडावरच अडली. कडे उंच करून अंतर पाच सेंमी करा, कारण ज्वाळा पातेल्याच्या थंड बुडाला लागली की विझते आणि धूर होऊन निघते. आणि महिन्याची बाभूळ बाहेरून वाळलेली दिसली तरी आतून ओली असते. वाफ काढण्यातच तिची बरीच धग खर्च होते. ती मोडून पाहा, कडकन आवाज आला पाहिजे.

आतला डबा ११ सेंमीचा असल्याने आपली पोकळी एकच सेंमी उरली आहे. ती चालेल, पण बाहेरच्या डब्याची खालची भोके दहाऐवजी चौदा करावीत असे वाटते. पत्रेकाम दादांचे मत घ्यावे.

पत्रेकाम (एरंडोल)

चौदा करा, पण ती सर्व बाजूंनी सारखी नकोत. खालची भोके वाऱ्याच्या बाजूला आली तर झुळूक थेट आत घुसते आणि जळण भात्याखालच्यासारखे भराभर संपते. अर्ध्या घेरात दहा आणि उरलेल्या अर्ध्यात चार अशी पाडा आणि चूल फिरवून ठेवा. वारा मंद असेल तेव्हा दहाची बाजू वाऱ्याकडे, जोराचा असेल तेव्हा चारची. वेगळी झडप करण्याची गरज पडत नाही.

बांधावरचा (पारोळा)

आज संध्याकाळी पुन्हा पेटवली. बाभूळ बाजूला ठेवून तुरीच्या काड्या आणि वर तीन बुरकुंडांचे तुकडे घेतले, भोकांच्या दोन बोटे खालपर्यंतच भरले, कडे पाच सेंमीचे केले, खालची भोके दहा आणि चार. चूल तेलाच्या डब्याच्या झाकणावर, झाकण तीन दगडांवर. पेटवल्यावर मिनिटभर धूर झाला आणि मग सोळाच्या सोळा भोकांतून ज्वाळा आत आल्या. आमच्या आईने अंगणात खुर्ची आणून ते बराच वेळ पाहिले. एक लिटर पाण्याला साडेअकरा मिनिटांत उकळी आली आणि ९० ग्रॅमच्या आसपास जळण लागले. त्यानंतर त्याच निखाऱ्यावर मसुराची खिचडी चढवली. ती आता गोधडीत आहे, आणि झाकणावरच्या राखेला मी हात टेकवून पाहिला आहे.